ॲव्हरेजच्या मागे आयुष्य घालवलेला माणूस: रुडॉल्फ डिझेल

टर्बो गाडी घेतली की वर्ष-सहा महिन्यांत एक प्रश्न डोक्यात येतोच: रिमॅप करून घ्यावं का? ट्यूनर सांगतो की पॉवर वाढेल, पिकअप सुधारेल आणि वर ॲव्हरेजही वाढेल. एखाद्या मित्राने आधीच करून घेतलेलं असतं आणि त्याच्या डॅशबोर्डवरचा आकडा खरंच वाढलेला दिसतो. तरी मनात शंका राहतेच. जास्त ताकद आणि कमी तेल, हे दोन्ही एकदम कसं काय जमतं?

शंका अगदी रास्त आहे. १३० वर्षांपूर्वी एका जर्मन इंजिनिअरने याहून कितीतरी मोठा दावा केला होता. त्या काळच्या इंजिनांपेक्षा सातपट चांगलं ॲव्हरेज देणारं इंजिन बनवतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने लोकांकडून पैसे घेतले, चार वर्षं खपला आणि शेवटी इंजिन मोजून दाखवलं. सातपट काही जमलं नाही. पण जे जमलं, त्याने जग बदललं. त्या माणसाचं आडनाव आज प्रत्येक पंपावर लिहिलेलं असतं.

चला तर, रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाला भेटू. टर्बो आणि रिमॅपकडे शेवटी परत येऊच, कारण त्या प्रश्नाचं उत्तर याच गोष्टीत आहे.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. वडील थिओडोर पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच होती.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथेही हाल संपेनात, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवून दिलं. काका तिथल्या तंत्रशाळेत गणित शिकवायचे. पोराला तिथे सूर सापडला. शाळेत तो पहिला आला आणि आपल्याला इंजिनिअरच व्हायचंय, हे त्याने ठरवून टाकलं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ती मिळाली. आईवडिलांना वाटत होतं की मुलाने आता कमवायला लागावं. त्याने शिष्यवृत्ती घेतली आणि शिकायला गेला. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही हाच वाद होतो.

वर्गात ऐकलेला एक आकडा

म्युनिकमध्ये त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते. आज घरोघरी फ्रिज आहे, त्यामागे ज्यांचं मोठं काम आहे ते हेच लिंडे. उष्णता कशी वागते, तिचं काम कसं होतं, हा त्यांचा विषय.

१८७८ च्या सुमारास एका तासाला लिंडे यांनी सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी फक्त ६ ते १० टक्के उष्णतेचं काम करतं. बाकी सगळी उष्णता धुराड्यातून आणि थंड होणाऱ्या पाण्यातून निघून जाते. म्हणजे १०० रुपयांचा कोळसा टाकायचा आणि ९० रुपये हवेत सोडायचे. रेल्वे, गिरण्या, जहाजं, सगळं जग तेव्हा याच इंजिनांवर चालत होतं.

२० वर्षांच्या रुडॉल्फने वहीच्या समासात याबद्दल टिपण करून ठेवलं. पुढची १५ वर्षं तो आकडा त्याच्या डोक्यातून गेला नाही.

परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला, परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ त्याने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावी सुल्झर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करण्यात घालवला. साल होतं १८७९. हे गाव आणि हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८८० च्या जानेवारीत तो परीक्षेला बसला आणि उत्तम गुणांनी पास झाला.

बर्फाचा कारखाना आणि अमोनियाचा स्फोट

पहिली नोकरी लिंडे यांच्यामुळेच लागली, पॅरिसमधल्या बर्फाच्या कारखान्यात. वर्षभरात तो तिथला प्रमुख झाला. १८८३ मध्ये मार्था फ्लाशं हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ आणि उरलेल्या वेळात इंजिन, असा संसार चालू होता.

पहिला प्रयोग होता अमोनियाचा. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरली तर इंजिन कमी उष्णतेत चालेल, असा त्याचा हिशेब होता. कित्येक वर्षं यात गेली. एकदा स्फोट झाला आणि त्याला बराच काळ रुग्णालयात काढावा लागला. शेवटी हा नाद त्याने सोडला.

पण यातून एक गोष्ट हाती लागली. खूप दाबलेल्या वायूचं काय होतं, हे आता त्याला चांगलंच कळलं होतं. मग दाबायला अमोनियाच कशाला हवा? साधी हवा का नको?

सायकलचा पंप आणि कागदावरचं इंजिन

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की ती तापते. आणखी जोरात दाबली तर इतकी तापेल की तिच्यात तेल टाकताक्षणी ते आपोआप पेटेल. ना ठिणगी, ना स्पार्क प्लग.

रुडॉल्फची मूळ कल्पना एवढीच होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती प्रचंड दाबायची आणि मग त्यात इंधन सोडायचं.

याने ॲव्हरेज का वाढतं? दोन कारणं आहेत. पहिलं, जळालेला वायू जितका जास्त पसरू शकतो, तितकी त्याची उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च होते आणि तितकी कमी सायलेन्सरमधून बाहेर पडते. जास्त दाबणं म्हणजे नंतर जास्त पसरायला जागा मिळणं. दुसरं, पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण एकत्र दाबलं जातं, त्यामुळे फार दाबलं की ते वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. नुसती हवा कितीही दाबा, आत पेटायला काही नसतंच.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी त्याने एक छोटं पुस्तक छापून मोठमोठ्या कंपन्यांना आणि प्राध्यापकांना पाठवलं. त्यातल्या हिशेबाप्रमाणे आदर्श स्थितीत हे इंजिन ७० टक्क्यांच्या वर उष्णता कामाला लावू शकणार होतं. हवा दाबायची होती वातावरणाच्या दाबाच्या २०० पटींहून जास्त, आणि इंधन म्हणून कोळशाची भुकटीसुद्धा चालणार होती.

हे सगळं फक्त कागदावर होतं. तरी ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुत्झ यांनी हो म्हटलं. क्रुप ही पोलादातली बडी कंपनीही सामील झाली. रुडॉल्फला पगार सुरू झाला आणि त्याच्याबरोबर ‘आता करून दाखव’ हे ओझंही आलं.

ऑग्सबर्गची चार वर्षं

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवलं, आत इंधन सोडलं आणि धडाम! दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. जवळ उभे असलेले थोडक्यात वाचले. दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं. ते इंजिन स्वतःच्या ताकदीवर मात्र कधीच चाललं नाही.

मधल्या काळात रुडॉल्फने स्वतःचे हिशेब पुन्हा तपासले आणि त्याच्या लक्षात आलं की कागदावरचं ते आदर्श इंजिन बनवलं तरी उपयोग नाही. इतका प्रचंड दाब निर्माण करायलाच मिळालेली जवळजवळ सगळी ताकद खर्ची पडेल आणि उरलेली घर्षणात जाईल. त्याने मुकाट्याने लक्ष्य बदललं. दाब कमी केला आणि इंधन जाळायची पद्धत बदलली. त्यासाठी त्याने वेगळं पेटंटही घेतलं. पहिल्या पेटंटमध्ये लिहिलेलं इंजिन एक आणि प्रत्यक्षात बनत असलेलं दुसरंच, ही गोष्ट पुढे त्याला आयुष्यभर टोचत राहिली.

१७ फेब्रुवारी १८९४ ला बदललेलं इंजिन पहिल्यांदा आपल्या बळावर फिरलं. नेहमीप्रमाणे पट्टा इंजिनाला फिरवत होता. अचानक एका मेकॅनिकला दिसलं की पट्ट्याला ओढ उलट बसतेय, आता इंजिनच पट्ट्याला ओढतंय, असं सांगतात. हे जेमतेम एक मिनिट टिकलं. पण त्या एका मिनिटासाठी सगळ्यांनी वर्षभर मार खाल्ला होता.

त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. तेल सिलिंडरमध्ये नेमकं कसं उडवायचं, हाच मोठा घोळ होता. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर तेल आत फवारायचं ठरलं. धूर येई, झडपा गळत, नळ्या तुंबत. दुरुस्त करायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि परत सुरू करायचं, असा क्रम चालू राहिला.

१७ फेब्रुवारी १८९७: मोजणीचा दिवस

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. इंजिन तयार झालं होतं. उभा एकच सिलिंडर, २५ सेंटिमीटर व्यासाचा, आणि पिस्टनची धाव ४० सेंटिमीटर. म्हणजे जवळपास २० लिटरचं एकच सिलिंडर! हवा दाबली जात होती ती वातावरणाच्या सुमारे ३० ते ३५ पट. इंधन होतं रॉकेल.

मोजायला कोण आलं? रुडॉल्फ स्वतः नाही, कारखान्याचा माणूसही नाही. म्युनिकच्या पॉलिटेक्निकचे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी ही चाचणी घेतली. इंजिनवर भार टाकून ताकद मोजली आणि तेवढ्या कामाला किती तेल लागलं ते पाहिलं.

निकाल असा होता: मिनिटाला सुमारे १५४ फेरे, जवळपास १८ हॉर्सपॉवर आणि एका हॉर्सपॉवरला तासाला २३८ ग्रॅम तेल. याचा हिशेब येतो २६.२ टक्के.

आकडा नीट बघा. दावा होता ७० च्या वरचा, निघाले २६. आजच्या भाषेत कोणीही म्हणेल, फसवलं की राव! पण त्या काळची वाफेची इंजिनं जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे हे इंजिन त्यांच्या अडीचपट निघालं, आणि ते आकडे एका तटस्थ माणसाने मोजून दिले होते. उद्योगपतींची रांग लागली ती या २६ टक्क्यांसाठी. कागदावरच्या ७० ने कोणाचंही कारखान्याचं बिल कमी होणार नव्हतं.

पैसा आला, भानगडीही आल्या

त्याच वर्षी अमेरिकेतले बिअर उद्योगपती अडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क १० लाख मार्कांना घेतले. रशियासाठी नोबेल घराण्याने करार केला. १८९८ मध्ये रुडॉल्फने आपले हक्क एका नव्या कंपनीला ३५ लाख मार्कांना विकले. पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा चाळिशीत लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये त्याने एक टोलेजंग बंगला बांधला.

इंजिन मात्र अजून बाजारासाठी तयार नव्हतं. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारं यंत्र वेगळं आणि कारखान्यात साध्या कामगाराने रोज चालवायचं यंत्र वेगळं. केम्प्टन गावच्या आगपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या सुरुवातीच्या इंजिनाने सगळ्यांचा घाम काढला. विकलेली इंजिनं परत येऊ लागली. ऑग्सबर्गमध्ये खास या इंजिनांसाठी काढलेली कंपनी बसली. त्यात पेटंटवरून वाद सुरू झाले.

रुडॉल्फची तब्येत ढासळली. डोकेदुखी आणि मानसिक थकवा इतका वाढला की १८९८ मध्ये त्याला उपचारासाठी आरोग्यधामात राहावं लागलं. इंजिन सुधारायचं काम पुढे ऑग्सबर्गच्या आणि इतर कारखान्यांतल्या इंजिनिअरांनी चिकाटीने पूर्ण केलं. ते बाजारात उभं राहिलं, त्यात या बिननावाच्या लोकांचा वाटा मोठा आहे.

इंजिनात उष्णतेचा थेंब न थेंब वाचवणाऱ्या या माणसाला स्वतःचा पैसा मात्र सांभाळता आला नाही. जमिनींचे व्यवहार आणि तेलाच्या खाणी यांत त्याचे पैसे बुडत गेले.

शेंगदाणा तेल, जहाजं आणि विहिरीवरचं इंजिन

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथेच एका कंपनीने छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. बघणाऱ्यांतल्या फार कमी जणांच्या हे लक्षात आलं, कारण इंजिन अगदी नेहमीसारखंच चालत होतं. वनस्पती तेलाचं पुढे महत्त्व वाढेल, असं रुडॉल्फला शेवटपर्यंत वाटत होतं. आजचं बायोडिझेल त्याच वाटेवरचं.

त्याचं आणखी एक स्वप्न होतं. वाफेचं इंजिन मोठं आणि महागडं, ते फक्त बड्या गिरणीमालकाला परवडायचं. छोट्या कारागिराच्या हाती स्वतःचं, कमी तेल खाणारं इंजिन आलं तर तो टिकेल, असं त्याला वाटे. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी व्यवस्थेवर एक पुस्तकही लिहिलं. ते फारसं कोणी वाचलं नाही.

प्रत्यक्षात पहिली मोठी गिऱ्हाइकं होती वीजघरं, जहाजं आणि पाणबुड्या. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं डॅनिश जहाज कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आलं आणि समुद्रावरच्या वाफेचे दिवस भरत आल्याचं जगाला कळलं.

छोट्या माणसाचं इंजिन हे स्वप्न मात्र पुढे खरं झालं, आणि त्याचा एक पुरावा आपल्याकडेच आहे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि गावोगावच्या विहिरींवर डिझेलचे पंप आले. हँडल मारून सुरू होणारं, ठकठक आवाज करणारं ते इंजिन तुमच्या आजोबांना पक्कं आठवत असेल. वीज नसलेल्या शिवारातही त्याने पाणी उपसलं.

शेवटचा प्रवास

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी रुडॉल्फ बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या जहाजात चढला. इंग्लंडमध्ये नव्या डिझेल कारखान्याचा कार्यक्रम होता. सोबत दोन परिचित होते. तिघे एकत्र जेवले, डेकवर फिरले आणि रात्री १० च्या सुमारास आपापल्या केबिनमध्ये गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणावर कोणी झोपलेलंच नव्हतं. डेकच्या कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी केलेला कोट सापडला. डायरीत त्या तारखेपुढे एक फुली होती.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे देह पाण्यालाच दिला. चष्म्याचं घर, चाकू, पाकीट अशा त्या वस्तू मुलगा ऑयगेनने ओळखल्या. वय होतं ५५.

आत्महत्या, अपघात की खून? तेव्हापासून तर्क चालूच आहेत. युद्धाचे ढग जमत होते, पाणबुड्यांत त्याचंच इंजिन होतं आणि तो ब्रिटनला निघाला होता, म्हणून घातपाताच्या कहाण्या रंगल्या. दुसरीकडे, तो कर्जात बुडाला होता आणि मूळ कल्पनेचं श्रेय त्याचं नाहीच, अशी टीका काही प्राध्यापक उघडपणे करत होते. बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. पक्का पुरावा कशालाच नाही.

मग टर्बो कुठून आला?

आता ते विंटरथूर गाव आठवा. १८७९ मध्ये रुडॉल्फ जिथे हात काळे करत होता, त्याच गावी त्याच वर्षी आल्फ्रेड ब्युखी नावाचा मुलगा जन्मला. तोही पुढे इंजिनिअर झाला आणि त्याच सुल्झर कंपनीत पोचला.

ब्युखीने रुडॉल्फचाच हिशेब पुढे नेला. डिझेल इंजिन चांगलं खरं, पण इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तरीही सायलेन्सरवाटे निघून जातो. त्या गरम वायूच्या झोताने एक छोटी चक्की फिरवली तर? आणि त्या चक्कीच्या दांड्यावर पंखा बसवून जास्त हवा इंजिनात कोंबली तर? १९०५ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. हाच तुमच्या बॉनेटखालचा टर्बोचार्जर.

१९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना टर्बो बसवले आणि त्यांची ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवरवर गेली. इंजिन तेवढंच, हवा जास्त. पुढे पंपाने थेट तेल फवारणारी इंजेक्शन पद्धत आली, १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल कार आली आणि १९७८ मध्ये त्यांनीच टर्बो-डिझेल कार काढली. आपल्या पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं १.३ लिटरचं मल्टीजेट याच घराण्यातलं. आज कारचं चांगलं डिझेल इंजिन ४० टक्क्यांच्या आसपास जातं आणि जहाजांची अवाढव्य इंजिनं ५० च्या वर. रुडॉल्फचा ७० चा आकडा अजून कोणाच्याच हाती लागलेला नाही.

आता तुमचा रिमॅपचा प्रश्न

टर्बोचा जन्म वाया जाणारी उष्णता परत मिळवण्यासाठी झाला, हे कळलं की पुढचं सोपं आहे. रिमॅप करून इंजिनाची जास्तीत जास्त ताकद वाढते. पण ८० च्या वेगाने हायवेवर जायला गाडीला जेवढी ताकद लागते, ती रिमॅपने बदलत नाही. हवेचा विरोध तोच, वजन तेच, टायर तेच.

मग ॲव्हरेज वाढतं तेव्हा ते कुठून येतं?

- कमी आरपीएमला जास्त टॉर्क मिळाला आणि तुम्ही लवकर वरचा गिअर टाकू लागलात, तर घर्षण कमी होतं आणि खरंच थोडं तेल वाचतं. जास्त पिकअप मिळाल्यावर पाय जड झाला, तर उलटंच होतं.
- डिझेल गाडीत कंपनी बऱ्याचदा इंधन थोडं उशिरा फवारते, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइडचा विषारी धूर कमी होतो. ट्यूनर ते लवकर फवारतो. ॲव्हरेज सुधारतं, पण त्याची किंमत हवा मोजते.
- पेट्रोल टर्बोत जोरात पाय दिला की इंजिन थंड ठेवायला जास्त पेट्रोल सोडावं लागतं. बूस्ट वाढवून तुम्ही त्याच भागात जास्त वेळ राहिलात, तर ॲव्हरेज घसरणारच.
- डिझेल गाडी काळा धूर ओकत असेल, तर सरळ अर्थ असा की हवा कमी पडतेय आणि तुमचं तेल न जळताच बाहेर चाललंय.

आणि डॅशबोर्डवरचा आकडा? तो आकडा टाकीतलं तेल मोजून येत नाही. इंजेक्टरने किती तेल सोडलं असावं, याचा इसीयूने केलेला तो हिशेब असतो. रिमॅपमध्ये त्या हिशेबालाच हात लागला, तर तेल जास्त जाऊनही स्क्रीनवर ॲव्हरेज चांगलं दिसू शकतं. म्हणजे ज्याने दावा केला, तोच परीक्षक झाला!

म्हणून श्रोटर सरांची पद्धत वापरा. एकाच पंपावर, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरा. नेहमीच्या रस्त्यावर ४००-५०० किलोमीटर चालवा. पुन्हा तिथेच तशीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. रिमॅपच्या आधी तीन टाक्या, नंतर तीन टाक्या, दोन्ही वेळी टायरची हवा सारखी. आकडे फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा.

त्याआधी फुकटची कामं करून घ्या. एअर फिल्टर बदला, टर्बोच्या पाइपमधून हवा गळतेय का ते तपासून घ्या, टायरमध्ये योग्य हवा ठेवा, डिकीतलं फालतू सामान काढा. पाइप गळका असेल, तर ब्युखीने अडवलेली उष्णता तुम्ही परत रस्त्यावर सोडताय.

एक इशाराही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर बंधनं घालतं. वॉरंटी जाऊ शकते, विमा कंपनी हरकत घेऊ शकते, आणि डीपीएफ काढून टाकणं तर सरळसरळ प्रदूषणाचे नियम मोडणं आहे. ट्यूनरकडे जाताना हे धरूनच हिशेब करा.

तीन-तीन टाक्या मोजल्यावर फरक दोन-चार टक्क्यांचा निघाला, तरी तो तुमचा खरा आकडा असेल. आणि काहीच फरक निघाला नाही, तर रिमॅपच्या पैशांत वर्षभराची सर्व्हिसिंग झाली असती का, तेही एकदा बघून घ्या.